तव्यावरचे मटण चाप आणि मशरूम: या चुका टाळा

तव्यावर चाप भाजायला घेतात आणि ताटात उकडलेलं, करड्या रंगाचं मटण येतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाणी. पाणी १०० अंशांना उकळतं आणि मटणाला खमंग तांबूस रंग चढतो तो १४० अंशांच्या आसपास. चाप वरून ओला असेल तोवर तो उकडतच राहणार.

लातूरला बहिणीकडे भाच्यानं किलोभर चाप नळाखाली धुतले आणि निथळण्याआधीच पातळ नॉनस्टिक पॅनमध्ये सगळे एकदम टाकले. पाठोपाठ मशरूमही. मिनिटभरात चर्र आवाज बंद पडला आणि पॅनमध्ये फेसाळ पाणी बुडबुडायला लागलं. "मावशी, पाणी आटलं की होतील ना लाल?" होतात, पण तोवर चाप चामट झालेले असतात. तसेच झाले. शेवटी कुकरला लावून त्याचं कालवण केलं.

मी धुतलेले चाप चाळणीत निथळू देते, मग सुती फडक्यानं एकेक दाबून पुसते. मीठ चोळून तासभर फ्रीजमध्ये उघडेच ठेवते आणि तव्यावर टाकण्याआधी पुन्हा पुसते. तेवढा वेळ नसेल तर मीठ अगदी टाकतानाच लावा. मीठ लावून दहा मिनिटांनी भाजणं सगळ्यात वाईट, कारण मिठानं ओढलेलं पाणी तेव्हा वरच साचलेलं असतं. तवा बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचा घ्या, आणि पाण्याचा थेंब त्यावर गोळी होऊन पळेपर्यंत तापवा. एका वेळी चारच चाप, मध्ये जागा सोडून. सारखं उलथनं घालू नका. खालून नीट भाजला की चाप आपोआप सुटतो. एवढा धीर नसेल तर सरळ रस्सा करावा.

घाण्याचं करडईचं तेल मला भाजीत फार आवडतं, पण इथे नको, ते लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा तूप घ्या.

खाटकाला नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणू नका. कोवळ्या उस्मानाबादी बोकडाचे पाठीचे चाप मागा, बोटभर जाड. जून मांडीचं मटण तव्यावर मऊ होत नाही.

मशरूममध्ये नव्वद टक्के पाणीच असतं, म्हणून ते चाप उतरवल्यावर, त्याच तव्यावर, वेगळे परतायचे. भिजत घालू नका, भरभर धुऊन पुसा. काप जाड ठेवा. मीठ रंग आल्यावरच घाला, आधी घातलं की पाणी सुटतं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींची मसालेदार पूड, तीही तेव्हाच, ठेचलेल्या लसणाबरोबर आणि आच मंद करून. कडक तव्यावर येसर करपून कडू होतो.

चाप उतरवल्यावर पाच मिनिटं तसेच राहू द्या. वर झाकण नको, वाफेनं कड मऊ पडते. ताटलीत जो रस सुटेल तो मशरूमवर ओता.