वाणाला केकची बरणी: गिरणीवाल्याचा सल्ला

संक्रांत जवळ आली की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गिरणीत दळपाबरोबर हा प्रश्नही येतो: "दादा, यंदा हळदीकुंकवाला केकचं पीठ बरणीत भरून द्यायचंय. कसं करू?" प्लॅस्टिकच्या चाळण्या नि साबणाच्या डब्या देऊन-घेऊन बायका कंटाळल्यात, त्यामुळं कल्पना मला पटली. कोरडं सामान मापून, थर लावून बरणीत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि घेणारीनं त्यात फक्त दूध-तूप घालून भाजायचं. केक कसा होतो ते आमच्या घरात सूनबाई सांगेल. पण पिठाबद्दल आणि ओलीबद्दल माझं ऐका, कारण बरणीतला माल बिघडतो तो ह्या दोनच गोष्टींनी.

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. डब्यात हात घालून बघा, मधोमध चांगलं ऊन लागतं. ते तसंच काचेत भरून झाकण लावलं की काचेला आतून घाम सुटतो, तो पिठातच मुरतो आणि आठवड्याभरात गोळे. बेकिंग पावडर त्याच पिठात असेल तर ती ओलीनं आत्ताच काम करून मोकळी होते, मग केक फुगायला काही उरत नाही. म्हणून दळून आणलेलं पीठ सुती कापडावर पसरा, पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, चाळा, मगच बरणीकडं वळा. मिक्सरला लावलेली पिठीसाखरही गरम असते, तिलाही हाच नियम.

दुसरं, दळप टाकताना विचारायला लाजू नका: "आधी काय दळलं?" ज्वारी-बाजरीनंतर लगेच तुमची नाचणी पडली तर पहिल्या ओंजळीत आधीचं पीठ येणारच. भाकरीला ते चालतं, केकला नाही. पहिलं मूठभर बाजूला काढायला सांगा. दगडाला नुकती टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं टोचून खडबडीत केला असेल त्या दिवशी तर बरणीसाठीचं दळप टाकूच नका, कचकच लागते. नाचणी आपल्याकडं राधानगरी, गगनबावड्याकडून चांगली येते. धुतली असेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि दाताखाली टचकन फुटली तरच दळायला आणा.

बरणी काचेची, रुंद तोंडाची, हात आत जाईल अशी. महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानांत मिळतात. घरातली जुनी वापरणार असाल तर झाकण उघडून रबराच्या रिंगला नाक लावा. कोल्हापुरातलं घर म्हटलं की त्या बरणीत कधी ना कधी चटणी नाहीतर लोणचं राहिलेलं असणारच, आणि कांदा-लसणाचा वास काचेतून जातो पण रबरातून जात नाही. वेलदोड्याच्या नानखटाईला चटणीचा वास आला तर वाण देणारीचं नाव वर्षभर निघतं. रिंग नवी टाका किंवा ती बरणी चटणीलाच ठेवा. धुतल्यावर पुसून भागत नाही, बरणी उन्हात पालथी ठेवायची.

आता मापं. कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप, चहाचा नव्हे. वजनकाटा असेल तर उत्तमच.

हळदीकुंकवाला नानखटाई सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना ओळखीची. अर्ध्या लिटरच्या बरणीला मैदा १२० ग्रॅम म्हणजे एक कप, बेसन पाव कप, बारीक रवा दोन मोठे चमचे, पिठीसाखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड अर्धा छोटा चमचा. बेसन आणि रवा वेगवेगळे, मंद आचेवर पाच-सात मिनिटं नुसते गरम करून घ्या, रंग बदलू द्यायचा नाही. कच्चा वास जातो, ओल जाते आणि पोरकिडे व्हायची भीती कमी होते. मग पूर्ण गार. घेणारीनं ह्यात १०० ग्रॅम घट्ट तूप घालायचं, वीसेक नानखटाया होतात. वाण वीस-पंचवीस जणींना द्यायचं असेल तर पाव लिटरच्या छोट्या बरण्या घ्या आणि सगळं निम्मं करा.

केकला नाचणी-चॉकलेट. मैदा १२० ग्रॅम, नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, दूध पावडर पाव कप, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर आणि वरून अर्धी वाटी काजू तुकडा. अख्खा काजू घालून पैसे वाया घालवू नका. आजरा-चंदगडचा तुकडा स्वस्त पडतो आणि केकमध्ये शेवटी तुकडाच करायचा असतो. तो कोरडाच जरा भाजून, गार करून घाला. ओलं सामान घेणारीचं: अर्धा कप दही, पाऊण कप दूध, एक तृतीयांश कप तेल. दही मुद्दाम सांगतोय, सोड्याला काहीतरी आंबट लागतं, नाहीतर केक बसका होतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते.

बेकिंग पावडर घरात कधीची आहे ते कुणालाच आठवत नसतं. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. फसफसून वर आली तर वापरा, नुसती विरघळली तर फेकून द्या. सोड्यावर लिंबू पिळून बघा. लोकांना द्यायच्या मालात ही दोन मिनिटं वाचवू नका.

भरणं हे खरं हाताचं काम आहे. तत्त्व एकच: बारीक खाली, जाडं वर. उलट केलंत, खाली काजू नि वर पीठ, तर वाळू खडीत उतरते तसं पीठ काजूच्या फटींतून खाली उतरतं आणि सगळे पट्टे मोडतात. नानखटाईला तळाशी मैदा, त्यातच बेकिंग पावडर, सोडा, मीठ, वेलदोडा दोनदा चाळून एकजीव केलेला. त्यावर बेसन, मग पिठीसाखर, मग रवा आणि वर चारोळी नाहीतर पिस्त्याचे काप. पांढरा, पिवळा, पांढरा असे पट्टे दिसतात. केकला तळाशी मैदा, दूध पावडर, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ चाळून, मग नाचणी, मग कोको, मग साखर, वर काजू.

प्रत्येक थर झाला की दाबायचा. लाटण्याचं टोक स्वच्छ पुसून घ्या किंवा छोट्या वाटीचं बूड वापरा. आधी कडेनं, मग मध्ये. काचेलगत दाबलं नाही की तिथूनच वरचं पीठ खाली सरकतं. कोको टाकताना बटर पेपरची पुडी करा, खालचं टोक कापा आणि बरणीच्या मधोमध, थराच्या अगदी जवळ धरून सोडा. उंचावरून टाकलात तर कोको उडून काचेला चिकटतो आणि वरची पांढरी साखर मळकी दिसते. चिकटलाच तर कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या बोटानं अजिबात नाही. शेवटचा थर झाकणाला टेकला पाहिजे. केकचं हे सामान दाबल्यावर ८०० मिलीच्या आसपास बसतं, त्यामुळं लिटरच्या बरणीत वर जागा उरते. तिथं बटर पेपरचा चुरगाळलेला गोळा घाला. रिकामी जागा ठेवलीत तर रिक्षातून घरी जाईपर्यंतच सगळं कालवून निघेल. चवीला फरक नाही, पण मग एवढे थर लावलेच कशाला?

आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे "साखरेऐवजी गूळ चालेल का?" हे येणारच. २०१४ साली आपल्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं, अभिमान आहेच. पण दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू झाली की येतो तो नवा गूळ मऊ असतो. खायला भारी, बरणीला नालायक. तो हवेतली ओल ओढतो आणि शेजारच्या पिठाला देतो. गूळच हवा असेल तर गूळ पावडर घ्या, ताटात पसरून दिवसभर ऊन द्या आणि वेगळ्या छोट्या पिशवीत घट्ट बांधून ती सगळ्यात वर ठेवा. साखरेइतकाच, १५० ग्रॅम. ह्यात केक जरा गडद आणि दाट होतो, मला तर तोच आवडतो.

पावसाळ्यात, म्हणजे राखीला नाहीतर गौरी-गणपतीला द्यायचं असेल तर गूळ आणि नाचणी दोन्ही सोडा, नानखटाईच भरा. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं, पिठाचं काय घेऊन बसलात. त्या दिवसांत भरलेली बरणी आठ-पंधरा दिवसांत वापरायला सांगा. थंडीत भरलेली नानखटाई दोन महिने छान राहते. नाचणीची महिनाभरातच संपवावी, कारण नाचणी आख्खी दळली जाते, तिच्यातलं तेल पिठात राहतं आणि ते खवट होतं. मैदा जास्त टिकतो त्याचं कारण हेच, त्यातून कोंडा आणि अंकूर काढून टाकलेला असतो.

चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरात. काकूंना चष्मा शोधायला लागू नये. भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, गहू, दूध पावडर, काजू काय काय आहे ते आणि घरून काय घालायचं ते. कृतीत "ओव्हन १७० अंश, ३५ ते ४० मिनिटं" एवढंच लिहून थांबू नका. आपल्याकडं निम्म्या घरांत ओव्हन नाही, कुकर आहे. म्हणून हेही लिहा: बरणी परातीत रिकामी करून सगळं कोरडं एकत्र करा, गुठळ्या मोडा, दही-दूध-तेल घालून हलक्या हातानं कालवा. सात इंची भांड्याला तूप लावा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मिठाचा थर, वर जाळी, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, भांडं ठेवा, मग मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी टोचून कोरडी आली की झाला.

नानखटाईच्या चिठ्ठीवर लिहायचं ते तुपाचं. थंडीत तूप थिजलेलंच असतं. उन्हाळ्यात पातळ झालं असेल तर आधी फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करा, नाहीतर नानखटाई पसरून पापडी होते. ओव्हनला १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, आणि "गरम असताना मऊच लागेल, घाबरू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते" हे वाक्य नक्की घाला. नाहीतर बायका अजून दहा मिनिटं ठेवतात आणि खालून करपवतात. ज्यांना हे काही नको त्यांनी पीठ मळून, गोल करून जवळच्या बेकरीत द्यावं. दिवाळीत आपण डबे घेऊन भट्टीवर जातोच की.

पुण्या-मुंबईला पाठवायची असेल तर बरणी आडवी होणार हे धरूनच चाला. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून घ्या, बरणी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि खोक्यात हलवून आवाज येत नाही ना ते बघा. आणि हो, भेट म्हणून द्या, खुशाल द्या. पण एखादीनं "मला दहा करून दे, पैसे देते" म्हटलं आणि धंदा सुरू झाला तर आधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. घरगुती कामालाही ती लागते.