जुन्या चेतक स्कूटरचा गंजलेला फ्लोअर (पाय ठेवायचा पत्रा) घरीच वेल्ड करायचाय?
आपल्याकडे खारं वारं आणि चार महिने पाऊस, त्यामुळे जुन्या चेतकचा फ्लोअर आतून सडतोच, वरून रंग कितीपण चकाचक असूदे. आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून लांब ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग ग्राइंडरने चमकता पत्रा दिसेपर्यंत गंज काढा, कारण गंजावर वेल्डिंगचा टाका धरतच नाही.

छोटा इन्व्हर्टर वेल्डर चालतो, पण रॉड २ मिमीचा ६०१३ (हा वेल्डिंग रॉडचा नंबर) घ्या, करंट ४०-५० अँपिअर आणि रॉडची वायर मशीनच्या मायनसला जोडा, म्हणजे पत्र्याला उष्णता कमी लागते. सलग लाइन ओढू नका, भोकच पडेल, नुसते टाके मारा, एक इकडे एक तिकडे, मधे थंड होऊ द्या. सडलेल्या जागी लावायचा पॅच गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचा असेल तर कडेचं जस्त घासून काढा, धूर वाईट असतो त्याचा, काम अंगणातच करा.

पावसाळ्यात रॉड दमट होतात, वापरायच्या आधी ओव्हनमधे शंभर डिग्रीला तासभर ठेवा (घरच्यांना विचारून!). संध्याकाळी व्होल्टेज पडतं, सकाळीच उरका. शेवटी झिंक प्रायमर, खालूनपण.