लांबच्या परदेश प्रवासात पैसे कसे काढावेत

एटीएम विचारतं, 'खात्यातून रक्कम तुमच्या देशाच्या चलनात कापायची का?' तिथे दरवेळी नाही म्हणा. हो म्हटलं की विनिमय दर ते मशीन चालवणारी कंपनी ठरवते, आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो. पहिला महिनाभर मी न वाचता हिरवं बटण दाबत राहिले. खातेउतारा पाहिल्यावर फार वाईट वाटलं. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. उत्तर तेच: स्थानिक चलन.

शुल्क दरवेळी ठरावीक असेल तर थोडेथोडे काढू नका. समजा ५ युरो कापले जातात. ५० युरो पाच वेळा काढले तर २५ गेले, २५० एकदम काढले तर फक्त ५. मात्र एवढी रोकड एकाच पाकिटात नको.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं. डेबिट कार्डं दोन ठेवा, एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, वेगवेगळ्या बॅगांत.

आणि निघण्याआधी ओटीपी कुठल्या नंबरवर येतो ते बघाच! घरचं सिम बंद पडलं, तर खात्यात पैसे असूनही ऑनलाइन व्यवहार अडतात. मी ते रोमिंगसह चालू ठेवते.