मूल लंगडतंय? खुब्याचं दुखणं असं शोधा

गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच असल्याने खुब्यातली कळ मूल मांडीत किंवा गुडघ्यावर दाखवतं. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि मोलाचे आठवडे वाया जातात.

तपासायला मुलाला पालथं झोपवा, गुडघे काटकोनात वाकवा आणि दोन्ही पावलं आपापल्या बाहेरच्या बाजूला पडू द्या. दुखऱ्या बाजूचं पाऊल कमी पडतं. पाऊल बाहेर पडतं तेव्हा मांडी खुब्यात आत वळत असते; खुबा बिघडला की आतल्या बाजूचं हे वळणच बहुधा सर्वांत आधी कमी होतं.

पहिला प्रश्न सांध्यात पू आहे का, हा. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, पाय टेकायला नकार, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर: यांतल्या जितक्या गोष्टी जुळतील तितका संशय पक्का. सीआरपी (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) २० मिग्रॅ प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर तोही धरा, पण रिपोर्टवरचं एकक पाहा. मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये हाच आकडा २ असतो. सोनोग्राफीत पाणी दिसतं, ते पू आहे का हे सुईने काढल्यावरच कळतं. मुलाची तब्येत स्थिर असेल तर अँटिबायोटिक त्यानंतरच सुरू करावं. उशीर झाला तर कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांत कायमची खराब होते. तान्ह्या बाळाला ताप नसेलही. लंगोट बदलताना रडणं आणि एक पाय न हलवणं पुरेसं समजा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पू नाही हे ठरलं की वय पाहा. तीन ते दहा वर्षांत, सर्दी-खोकल्यानंतर आलेली तात्पुरती सूज सर्वाधिक आढळते. आरामाने आठवडा-दोन आठवड्यांत जाते. चार ते आठच्या वयात, विशेषतः मुलग्यांत, लंगडणं त्यापुढेही राहिलं तर पर्थेस (मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार) आठवावा. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल असू शकतो, म्हणून एमआरआय करावा किंवा काही आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा. वजन घटणं, रात्री दचकून रडणं, महिनोन्‌महिने लंगडणं असेल तर आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. फिकटपणा आणि अंगावर काळेनिळे डाग दिसले तर रक्ताचा कर्करोग तपासा.

दहा ते सोळा वर्षांचं, बहुधा जाड मूल. मांडी पोटाकडे वाकवताना ती आपोआप बाहेर वळते. इथे मांडीच्या हाडाचा गोळा घसरलेला असू शकतो. मालिश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणंही नको, त्याने गोळा आणखी घसरतो. मुलाला चालू देऊ नका, व्हीलचेअरवरूनच न्या. दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बाजूने एक्स-रे काढा. नुसत्या समोरच्या चित्रात थोडी घसरण सुटते.