संडासला रक्त दिसलं तर काय करायचं, आणि आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट कसा वाचायचा

संडासला रक्त पडलं की बहुतेक जण स्वतःच ठरवून टाकतात, मूळव्याध असेल, आणि मलम लावून गप्प बसतात. खूपदा मूळव्याधच असते हो, पण मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय ठरवायचं नाही. रक्ताचा रंग, किती दिवसांपासून, पोट साफ होण्याची सवय बदललीये का, वजन उतरलंय का, सगळं डॉक्टरांना न लाजता सांगा.

सगळ्यात जास्त निसटतं ते वेगळंच. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ हळूहळू झिरपत राहते, डोळ्याला रक्त दिसतच नाही, फक्त हिमोग्लोबिन कमी येतं आणि जिना चढताना दम लागतो. पुरुषाला किंवा पाळी बंद झालेल्या बाईला लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका, रक्त जातंय कुठे हे विचाराच!

खात्री कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघणं) आणि बायोप्सीनेच (तुकडा काढून तपासणं) होते. सीईए ही रक्ताची टेस्ट नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही, ती मुख्यतः उपचारांनंतर लक्ष ठेवायला असते. आणि कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध सांगितलंय तेवढं पूर्ण प्या, नाहीतर छोटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब) दिसत नाहीत.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये समजा लिहिलंय "पीटी३ एन१बी, २/१५". टी३ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलीये, एन१बी म्हणजे २ किंवा ३ लिम्फ नोडमध्ये (आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथींमध्ये) कॅन्सर पोचलाय, आणि २/१५ म्हणजे १५ नोड तपासले त्यातल्या २ मध्ये कॅन्सर सापडला, म्हणजे तिसरी स्टेज. तपासलेले नोड १२ पेक्षा कमी असतील तर का ते विचारा, कारण कमी नोड बघितले तर स्टेज खरीपेक्षा कमी धरली जाऊ शकते. एमएमआर टेस्ट (गाठीच्या पेशींमध्ये डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का ते बघणारी) झालीये का तेही बघा, पुढची औषधं आणि घरच्यांची तपासणी त्यावर ठरू शकते.

आता आकडे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आतड्यापुरताच असताना सापडला तर ५ वर्षांचा सर्वायव्हल (निदानानंतर ५ वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या आसपास, जवळच्या नोडपर्यंत गेला असेल तर ७० च्या वर, लिव्हरसारख्या लांबच्या अवयवात पसरला असेल, म्हणजे चौथी स्टेज, तर १५ च्या आसपास. पण हे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या हजारो लोकांचं एकत्र गणित आहे, तुमच्या माणसाची तारीख नाही. लिव्हरमध्ये मोजक्याच गाठी असतील तर काहींच्या काढताही येतात आणि त्यातले काही पूर्ण बरेही होतात, तेव्हा "चौथी स्टेज" ऐकून हात टेकायच्या आधी ते स्कॅन लिव्हरच्या सर्जनला दाखवा.