सिडनी ते मेलबर्न समुद्राच्या कडेने: उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी काढणार असाल तर

डिसेंबर उजाडला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, सिडनीहून मेलबर्नला गाडीने किती तास लागतात. मी आधी उलट विचारते, कुठल्या रस्त्याने? ह्यूम हायवेने आतून गेलात तर साधारण ८८० किमी, नऊ-साडेनऊ तास, संपला विषय. प्रिन्सेस हायवेने समुद्राच्या बाजूने गेलात तर हजाराच्या थोडं वर, पण या रस्त्याचे तास मोजायचेच नाहीत, रात्री मोजायच्या. सहा रात्री द्या. तेवढ्या नसतील तर वाटेतल्या नारूमा गावापर्यंत जाऊन परत या, पण चार दिवसांत सगळं कोंबू नका, कारण मग समुद्र फक्त काचेतून दिसतो आणि मुलं मागच्या सीटवर भांडत बसतात.

माझा नियम एकच. या किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवसाला जास्तीत जास्त ३०० किमी, सकाळी सात-आठला निघायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामी पोचायचं. जानेवारीत उजेड साडेआठपर्यंत असतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं अजून बराच वेळ आहे, पण तो उजेड पोहायला ठेवायचा, गाडी चालवायला नाही.

हे मी अनुभवाने शिकले. पहिल्या ट्रिपला आम्ही ईडनला रमलो, कॅन रिव्हरला जेवलो आणि तिथून लेक्स एन्ट्रन्सकडे निघेपर्यंत नऊ वाजले. दोन्ही बाजूंना उंच जंगल, समोरून एखाद दुसरा ट्रक, बाकी काळोख. एका वळणावर हेडलाईटमध्ये रस्त्याच्या मधोमध एक वॉम्बट, म्हणजे अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा ठेंगणा प्राणी. नवऱ्याने सरळ ब्रेक दाबला, आईच्या मांडीवरचा डबा उडून पुढच्या सीटवर आपटला, गाडी थांबली. तो वॉम्बट जागचा हललाच नाही, जाडजूड, पंचवीस-तीस किलोचा तरी असेल, नाक हलवत उभा राहिला आणि मग सावकाश झाडीत गेला. आई कितीतरी वेळ बोललीच नाही. तेव्हापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला आम्ही गावाबाहेर गाडी काढत नाही. कांगारू, वॉलबी (छोटा कांगारूच), वॉम्बट याच वेळी चरायला बाहेर पडतात, आणि एक कांगारू गेला की मागून दुसरा येतोच. समोर आला तर स्टिअरिंग वळवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक मारायचा, कारण झाडावर आदळून माणसं जातात. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, बऱ्याच करारांत अंधारात गावाबाहेर प्राण्याला धडकलात किंवा कच्च्या रस्त्यावर गेलात तर विमा लागू होत नाही.

बुकिंग. शाळांची सुट्टी ख्रिसमसच्या आधीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, आणि त्या काळात किनाऱ्यावरचे हॉलिडे पार्क महिने महिने आधी भरतात. बरीच कुटुंबं दर वर्षी त्याच जागेवर तंबू ठोकतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बसून केबिन बुक करा. उशीर झाला असेल तर समुद्राजवळ हट्ट धरू नका, वीस-तीस किमी आतल्या गावात, म्हणजे बेगा वगैरे, मोटेल मिळून जातं आणि स्वस्तही पडतं.

भारतातून पाहुणे येणार असतील आणि ते पण गाडी चालवणार असतील तर मोठं टेन्शन नाही, इथेही डावीकडूनच चालवतात. लायसन्स इंग्लिशमध्ये हवं, सोबत इंटरनॅशनल परमिट असलेलं बरं कारण गाडी भाड्याने देणारे मागतात. पण स्पीड लिमिटबद्दल त्यांना आधी बसवून सांगा. वस्तीत ५०, शाळेजवळ ठरलेल्या वेळेत ४०, मोकळ्या हायवेवर १०० किंवा ११०, आणि कॅमेरे खरंच पकडतात, न्यू साउथ वेल्समध्ये तर हातातला फोन टिपणारे कॅमेरेसुद्धा आहेत. ख्रिसमस-न्यू इयरला तिथे डबल डीमेरिट असतात, म्हणजे एका चुकीला लायसन्सवर दुप्पट दंडाचे पॉइंट. सात वर्षांखालच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर लागतोच, मांडीवर घेऊन बसणं अजिबात चालत नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

आता रस्ता. पहिल्या दिवशी सिडनीहून निघून वोलोंगाँगच्या आधीचा सी क्लिफ ब्रिज घ्या, ६६५ मीटरचा पूल कड्यापासून सुटून समुद्रावर वळत जातो. मग कायमाचा ब्लोहोल, म्हणजे खडकातलं भोक, ज्यातून लाटेचं पाणी उंच उडतं. तिथे लोक दोन मिनिटं उभे राहतात, काही झालं नाही म्हणतात आणि जातात. दक्षिण-पूर्वेकडून लाट येत असेल तेव्हाच तो नीट उडतो, म्हणून कठड्याला टेकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पहिल्या दोन रात्री जर्व्हिस बे. हायम्स बीचची पांढरी वाळू प्रसिद्ध आहे खरी, पण जानेवारीत दहानंतर पार्किंग मिळत नाही, तेव्हा सकाळी लवकर जा किंवा बाजूच्या दुसऱ्या बीचवर जा, वाळू तशीच पांढरी आहे.

तिसऱ्या दिवशी नारूमा. वागोंगा इनलेटचं पाणी इतकं निळं-हिरवं आहे की फोटोत खोटं वाटतं. ब्रेकवॉलजवळ ऑस्ट्रेलिया रॉक आहे, खडकात देशाच्या नकाशाच्या आकाराचं भोक पडलंय, आणि तिथेच सील उन्हात पडलेले असतात. पुढे सेंट्रल टिल्बा, लाकडी घरांचं छोटं गाव, चीज घ्यायला थांबाच. गावाच्या पाठीशी जो डोंगर दिसतो तो गुलागा. १७७० मध्ये कॅप्टन कुकने त्याला माउंट ड्रोमेडरी नाव दिलं, पण इथले मूळ रहिवासी असलेल्या यूइन लोकांसाठी तो आईसारखा पवित्र आहे, आणि २००६ मध्ये तिथलं नॅशनल पार्क त्यांना परत मिळालं. मुलांना हे गाडीतच सांगा, मग डोंगर बघायची नजर बदलते.

ईडनला व्हेल म्युझियम चुकवू नका, माझी या रस्त्यावरची सगळ्यात आवडती जागा. इथल्या टूफोल्ड बेमध्ये ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मोठ्या देवमाशांना खाडीत हाकलत आणायचे आणि शिकाऱ्यांना मदत करायचे, बदल्यात त्यांना देवमाशाची जीभ आणि ओठ मिळायचे. त्यातला ओल्ड टॉम १९३० मध्ये मेला, त्याचा सांगाडा तिथे ठेवलाय. त्याचे दात बघा, काही पार झिजलेत. बोटीची दोरी दातात धरून ओढायचा म्हणून झिजले असं सांगतात. माझा मुलगा त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हता.

ईडननंतर व्हिक्टोरिया लागतं आणि जंगल दाट होतं. जिनोआला डावीकडे वळून वीस-पंचवीस किमीवर मल्लाकूटा. ३१ डिसेंबर २०१९ ला या गावाला वणव्याने वेढलं, आत-बाहेर जायचा रस्ता बंद झाला, हजारो लोक, त्यात सुट्टीला आलेले कितीतरी, पाण्याच्या काठावर उभे राहिले आणि भर सकाळी आभाळ काळं आणि मग लाल झालं. नंतर नौदलाच्या एचएमएएस चौल्स जहाजाने हजाराहून जास्त लोकांना बाहेर काढलं. गाव आज पुन्हा उभं आहे, तिथे जा, बेकरीत खा, पैसे खर्च करा. पण ही गोष्ट डोक्यात ठेवून ट्रिप आखा.

कारण उन्हाळा म्हणजे वणव्याचा मोसम. रोज सकाळी चहा घेता घेता दोन गोष्टी बघायच्याच: त्या भागाचं फायर डेंजर रेटिंग आणि ॲप. रेटिंगच्या चार पायऱ्या आहेत, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. न्यू साउथ वेल्समध्ये ‘हॅझर्ड्स निअर मी’ ॲप, व्हिक्टोरियात ‘विकइमर्जन्सी’, दोन्ही घरूनच डाउनलोड करा. एक्स्ट्रीम असेल तर त्या दिवशी जंगलाच्या रस्त्याला लागू नका, बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत. टोटल फायर बॅन असेल तर शेकोटी पूर्ण बंद, स्वतःचा स्टोव्ह लावण्याआधीही त्या राज्याचे नियम वाचा. नेटवर्क मध्ये मध्ये जातं, म्हणून गाडीत रेडिओवर एबीसीचं लोकल स्टेशन लावून ठेवा, आणीबाणीच्या सूचना तिथे येतात. इमर्जन्सी नंबर ०००. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या, माणशी निदान तीन-चार लिटर पाणी गाडीत हवंच, आणि टाकी अर्धी झाली की पुढचा पंप दिसेल तिथे भरा.

आणि समुद्र. हा भाग मी प्रत्येकाला हात धरून सांगते, कारण आपल्यातले बरेच जण नीट पोहायला शिकलेले नसतात आणि गुडघाभर पाण्यात काय होतंय असं वाटतं. फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, झेंडे नसतील तर पाय भिजवून परत यायचं. रिप म्हणजे आत खेचणारा प्रवाह, आणि फसवणूक अशी की तो शांत दिसतो. जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा गडद, सपाट दिसतो, तीच धोक्याची जागा, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच मुलांना घेऊन उतरतात. खेचले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, दमछाक होऊन बुडायला होतं. पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा. ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा निळा डंख मारणारा समुद्री जीव, चावली तर जागा चोळायची नाही, आधी समुद्राच्या पाण्याने धुवायची आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरायची. ऊन पण आपल्याकडच्यासारखं नाही, सावळ्या कातडीलाही भाजतं, एसपीएफ ५० चं क्रीम दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा.

खाण्याचं सांगते. छोट्या गावात शाकाहारी माणसाला पालक-रिकोटा रोल, चीज टोस्टी आणि चिप्स मिळतात, पण चिप्स बहुतेक वेळा ज्या तेलात मासे तळतात त्याच तेलात तळलेल्या असतात, चालत नसेल तर आधी विचारा. आम्ही पार्कातल्या फुकटच्या बार्बेक्यूवर थालीपीठ लावतो. जवळपास प्रत्येक गावात पाण्याकाठच्या बागेत ही स्टीलची इलेक्ट्रिक प्लेट असते. बटण दाबायचं, आठ-दहा मिनिटं तापू द्यायची, ओल्या पेपर टॉवेलने खरवडून पुसायची आणि मग बेकिंग पेपर टाकून त्यावर थालीपीठ थापायचं, म्हणजे आधीच्या माणसाच्या सॉसेजचा प्रश्न मिटतो. काही वेळाने प्लेट आपोआप बंद होते, तेव्हा दिवा विझला की बटण परत दाबा, नाहीतर थालीपीठ अर्धकच्चं राहतं. भाजणी, दही, लोणचं एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत ठेवायचं. झाल्यावर प्लेट पुसून ठेवायची, पुढच्या माणसासाठी.

लेक्स एन्ट्रन्सची रात्र झाली की शेवटचा मुक्काम फिलिप आयलंड, पेंग्विनसाठी. तिकीट खूप आधी काढा. ते सूर्यास्तानंतर समुद्रातून येतात, म्हणजे जानेवारीत जवळजवळ नऊ वाजता, आणि वारा इतका गार असतो की भर उन्हाळ्यातही स्वेटर आणि शाल लागते. फोटो काढायला बंदी आहे, ती पाळा. पार्किंगमधून निघताना गाडीखाली वाकून बघा, एखादा पेंग्विन खरंच बसलेला असतो. अंधारात गाडी न काढण्याच्या नियमाला हा एकच अपवाद, म्हणून मुक्काम बेटावरच घ्या आणि तेवढं अंतर चाळीसच्या स्पीडने जा.

परतताना ह्यूम पकडा पण दोन दिवसांत, ऑल्बरीला मरी नदीकाठी राहून. होलब्रूकला हायवे सोडून आत वळा, समुद्रापासून इतक्या लांब बागेत चक्क ऑटवे पाणबुडी ठेवलीये. दर दोन तासांनी थांबायचं. सुट्टीत काही ठिकाणी ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’चा बोर्ड दिसतो, तिथे गावातले स्वयंसेवक फुकट चहा-बिस्किटं देतात, बरेचदा आजी-आजोबाच असतात. एकदा तिथल्या आजींनी आईला विचारलं कुठून आलात, आई मोडक्या इंग्लिशमध्ये सांगत बसली, त्या ऐकत बसल्या, आणि आम्ही तिथून अर्ध्या तासाने निघालो.