पावसानं धुऊन नेलं, असं समजू नका: जमिनीत उरणाऱ्या औषधांबाबत या चुका टाळा

गोव्यातल्या आमच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) झरीच्या टाकीशेजारी खाटेएवढी एक जागा आहे. मे अखेरीस पोफळींवर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, मारायच्या आधी कालवणाचं पिंप तिथं उभं राहतं. आजोबांच्या वेळेपासून जागा तीच, कारण पाणी हाताशी. तिथल्या चिऱ्यांवर निळसर पूट बसलंय, ते घासूनही जात नाही. पावसात बाकी कुळागर तणानं माजतं, पण त्या जागेत शेवाळसुद्धा बिचकत उगवतं. मी कित्येक वर्षं म्हणत आलो, "सावली जास्त आहे तिथं." कुळागर आहे, सावली सगळीकडेच जास्त आहे!

चूक कळायला जमिनीत कुदळ घालावी लागली. एक हातभर खणलं, गांडूळ एक नाही. चार पावलांवर खणलं, तर ढेकळागणिक दोन-तीन. वर्षानुवर्षं सांडलेलं कालवण त्या मातीतच उरलं होतं.

औषधाचं नाव न घेता "किती दिवसांत जातं?" विचारणं

कृषी कार्यालयात हा प्रश्न रोज विचारला जात असेल. त्याला एकच उत्तर नाही. जमिनीतलं औषध निम्मं व्हायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. २,४-डी तणनाशकाचं ते साधारण १० दिवस. क्लोरपायरिफॉस कीटकनाशकाचं बहुतेक वेळा ६० ते १२० दिवस, पण जमिनीनुसार दोन आठवड्यांपासून वर्षाच्या पुढेही जातं. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचं २ ते १५ वर्षं.

आता हिशेब करा. ६० दिवसांचं अर्धायुष्य म्हणजे १२० दिवसांत सगळं गेलं, असं नव्हे. ६० दिवसांनी निम्मं, १२० दिवसांनी पाव, १८० दिवसांनी आठवा हिस्सा. एक टक्क्याच्या खाली यायला सात फेऱ्या, म्हणजे ४२० दिवस. त्याआधीच पुढचा हंगाम येतो आणि आपण पुन्हा टाकतो. बँकेतलं कर्ज फिटायच्या आत नवं काढावं, तशी गत.

डब्यावरचा प्रतीक्षा कालावधी पाहून निश्चिंत होऊ नका. तो शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातल्या दिवसांचा आहे, पिकासाठी. जमिनीबद्दल तो काहीच सांगत नाही.

तांब्याला "सेंद्रिय" समजून विसरणं

पोफळीच्या कोळेरोगासाठी (सुपाऱ्या कुजून गळण्याच्या रोगासाठी) मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना वापरतो, म्हणून आपण स्वतःला रासायनिक फवारणीवाले मानत नाही. पण तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याचं विघटनच होत नाही. जिवाणू काय खाणार?

एक टक्का बोर्डोच्या १०० लिटरमध्ये १ किलो मोरचूद असतं, त्यात पाव किलो तांबं. माझ्या कुळागरात एका फेरीला ४०० लिटर जातं, म्हणजे १ किलो. पावसाच्या तोंडावर एक फेरी, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. वीस वर्षांत ४० किलो तांबं, आणि त्यातलं बहुतेक वरच्या वीतभर मातीत. आमच्या जांभ्याची आंबट माती तर तांबं मुळांना अधिकच सहज देते. मोठ्या पोफळीला काही होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. नवं रोप लावलं की मुळं आखूड आणि जाड राहतात, पानं पिवळी पडतात. आपण म्हणतो, रोपच वाईट होतं.

यावर उपाय म्हणजे आधी कमी ओता. कालवण झालं की स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस थर आला तर चुना वाढवायचा, मोरचूद नव्हे. "थोडं जास्त टाकूया" ही सवय मोडा. पाडेली (झाडावर चढणारा कामगार) मिळत असेल तर फवारणीऐवजी घड प्लॅस्टिकनं झाकायची पद्धतही आहे. मिळत असेल तर, हे मुद्दाम म्हणतोय! उरलेलं कालवण जमिनीवर ओतू नका, त्याच दिवशी झाडांवर संपवा. पिंपाखाली जाड ताडपत्री घाला.

"तीन पावसाळे गेले की सगळं साफ"

हे मला एका शेजारी काकांनी ठामपणे सांगितलं, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हटल्यावर पटतंही. पण पाऊस औषध नाहीसं करत नाही, त्याची जागा बदलतो. इमिडाक्लोप्रिडसारखं पाण्यात विरघळणारं कीटकनाशक खाली उतरतं, आणि खाली आपली विहीर आहे. डीडीटी, बीएचसीसारखी (दोन्ही जुनी क्लोरीनवाली कीटकनाशकं) तेलात विरघळणारी औषधं मातीच्या बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटून बसतात. ती पाण्याबरोबर नव्हे, वाहून जाणाऱ्या मातीबरोबर जातात. ती माती ओहोळातून खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) येते, मानशीजवळ (पाण्याच्या दारापाशी) गाळ बसतो, आणि त्याच पोयीतले (दारामागच्या डबक्यातले) शेवटे मासे आणि कोळंबी आपण पावसाळ्यानंतर चवीनं खातो.

इथं एक गंमत आहे. मोरडीवरच्या (उंचावरच्या शेतातल्या) कोरड्या, हवा खेळत्या मातीत डीडीटी बदलून त्याचं डीडीई होतं, आणि ते फार हट्टी. पाणी साचलेल्या खाजनात हवा नसते. तिथले जिवाणू त्याचा क्लोरीन काढून डीडीडी बनवतात आणि बीएचसीही लवकर तुटते. म्हणजे एकाच घराच्या दोन जमिनी, औषध एकच, आणि दोन वेगळे शेवट. म्हणून "त्यांच्याकडे गेलं, आमच्याकडेही जाईल" हे चालत नाही.

नाव गेलं म्हणजे विष गेलं

फोरेट हे कीटकनाशक स्वतः लवकर बदलतं, पण त्यातून होणारे सल्फोक्साइड आणि सल्फोन जास्त काळ राहतात आणि विषारीच असतात. एंडोसल्फान या कीटकनाशकाचं सल्फेट मूळ औषधापेक्षा चिवट. केरळमधल्या कासरगोडच्या काजू बागांवर ते हेलिकॉप्टरनं फवारलं जायचं, २००० पर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं ते २०११ मध्ये बंद केलं. शेतीतला डीडीटी १९८९ मध्ये गेला, बीएचसी १९९७ मध्ये, फोरेट २०२० अखेर.

बंदी दुकानाला लागते, माळ्याला नाही. कुणाच्या माळ्यावर गॅमेक्सिनचा (बीएचसीच्या पावडरीचा) जुना डबा असेल तर तो माडाच्या बुंध्यात पुरू नका. एकाच जागी इतकं विष साचलं की जिवाणूच मरतात आणि मग तोडणारं कुणी उरत नाही. डबा बंदच ठेवा, घरातल्यांपासून दूर, आणि विल्हेवाटीसाठी विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

सॉइल हेल्थ कार्डाचा चुकीचा अर्थ लावणं

सरकारी माती तपासणीच्या या कार्डावर १२ गोष्टी असतात. सामू (मातीचा आंबटपणा), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश वगैरे. कीटकनाशक त्यात नाही. तांबं आहे, पण कमतरता बघण्यासाठी. ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) वर आकडा गेला की "पुरेसे". किती पुरेसे, हे कार्ड सांगत नाही. आकडा स्वतः वाचा, शेरा नव्हे.

अवशेषांची तपासणी वेगळी आणि महाग. करायचीच असेल तर वरच्या १५ सेंटिमीटरचा आणि त्याखालचा नमुना वेगळा घ्या. माती प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी काचेच्या बरणीत, थंड आणि अंधारात न्या. आणि प्रयोगशाळेला औषधाच्या नावाबरोबर त्याचे बदललेले पदार्थही तपासायला सांगा, नाहीतर डीडीटी शून्य आणि डीडीई भरपूर, असा अहवाल घेऊन खूश व्हाल.

खोल नांगरून "गाडून टाकणं"

वरच्या थरात ऊन, हवा, शेणखत आणि जिवाणू असतात, औषध तिथंच तुटतं. खाली गाडलं की टिकतं. त्यापेक्षा वरच्या थरात चांगलं कुजलेलं खत घाला. माती आंबट असेल तर तपासणीनुसार चुना द्या. ऑर्गनोफॉस्फरस औषधं सामू वाढला की लवकर तुटतात आणि तांबंही मुळांना कमी मिळतं. पण चुना आणि युरिया किंवा ताजं शेण एकाच दिवशी घालू नका, नत्र वास होऊन उडून जातं. करवंट्यांच्या कोळशाची पूड औषध धरून ठेवते, पिकाला कमी मिळू देते. ती औषध तोडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

जुन्या औषधाचा संशय असलेल्या जागी तवसं (काकडी), भोपळा लावू नका. या वर्गातली काही पिकं जुनी क्लोरीनवाली औषधं मुळांतून चांगलीच ओढतात. मुळा, कणगी (एक कंद) लावली तर साल जाड सोला.

तणनाशकाचा संशय असेल तर दोन कुंड्या पुरतात. एकीत ती माती, दुसरीत खात्रीची. दोन्हीत अळसांदे (चवळीचा प्रकार) आणि तवश्याच्या बिया टाका, पडवीत सारखंच पाणी द्या आणि तीन आठवडे बघा. पहिल्या कुंडीतली पानं वाकडी, आखडलेली आली तर उत्तर मिळालं. कीटकनाशक मात्र या कुंडीत दिसणार नाही, रोप दिमाखात वाढेल.

आमच्या टाकीशेजारच्या जागेत मी यंदा चुना आणि कंपोस्ट घातलंय. पिंप आता ताडपत्रीवर, दहा पावलं दूर. पाणी बादलीनं न्यावं लागतं, त्यावरून घरात रोज बोलणी खातो.